क्रमांक सलग, अर्थ तुटक
सर्किट बोर्डावरील नावे देण्याच्या एका सवयीची तपासणी

आठ रिलेंचा एक साधा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. पाण्याचे पंप, दिवे, शाळेची घंटा अशी आठ उपकरणे चालू-बंद करायला असा बोर्ड वापरतात. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षातली मुले प्रकल्प म्हणून तो हमखास करतात. त्यात एकसारखे आठ विभाग असतात. प्रत्येक विभागात तीन रेझिस्टर, एक प्रकाशदायी डायोड, रिलेच्या वेटोळ्याला जोडलेला एक संरक्षक डायोड, एक ट्रान्झिस्टर, एक ऑप्टोकपलर आणि एक रिले. एक विभाग समजला की आठही समजले. या बोर्डाचे सारे सौंदर्य त्या सारखेपणात आहे.

आता या बोर्डावर छापलेली नावे वाचायला घ्या. रेझिस्टरांना आर-१ ते आर-२४ असे क्रमांक, डायोडांना डी-१ ते डी-१६, ट्रान्झिस्टरांना क्यू-१ ते क्यू-८. पाचवा विभाग बिघडला आहे, त्याचे भाग कोणते? रेझिस्टर आर-१३, १४ आणि १५, डायोड डी-९ आणि १०, ट्रान्झिस्टर क्यू-५. एकाच विभागातल्या भागांच्या नावांत तेरा, नऊ आणि पाच हे तीन आकडे आले. ते का आले हे कळायला प्रत्येक विभागात कोणता भाग किती वेळा आहे हे आधी ठाऊक हवे, मग गुणाकार करायला हवा. आकृतीत जो सारखेपणा एका नजरेत दिसतो तो नावांनी पुसून टाकला.

सलग क्रमांक देण्याची ही सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्यात काही निवड आहे हेच कोणाला जाणवत नाही. या लेखात तिची तपासणी करायची आहे.

नाव आणि किंमत

सवयीचे मूळ शाळेच्या पुस्तकात शोधता येते. भौतिकशास्त्रात आपण व्हीटस्टनचा सेतू शिकवतो, तेव्हा चार रोधांना पी, क्यू, आर आणि एस अशी अक्षरे देतो. तिथे अक्षर हे त्या रोधाचे नावही असते आणि त्याची ओहममधली किंमतही असते. समीकरणात तेच अक्षर जाऊन बसते. चार रोधांच्या सेतूत याने काही बिघडत नाही. मात्र विद्यार्थ्याच्या मनात एक समजूत घर करते, की नाव हे गणितातले चल आहे, ते वेगळे असले म्हणजे झाले, कोणते का असेना.

बोर्डावर परिस्थिती निराळी असते. तिथे दहा किलोओहमचे वीस रेझिस्टर असू शकतात. किंमत सारखी, पण काम वेगळे आणि जागाही वेगळी. नावाने तिथे तीन जणांची गरज भागवायची असते. भाग खरेदी करणाऱ्याला यादी हवी असते, जोडणी करणाऱ्याला किंवा भाग बसवणाऱ्या यंत्राला जागा हवी असते, आणि पुढे कधीतरी दुरुस्ती करणाऱ्याला त्या भागाचे काम कळायला हवे असते. सलग क्रमांक पहिल्या दोघांचे समाधान करतो. तिसऱ्याचा विचार त्यात नाही. आणि बोर्ड बनवायला काही दिवस लागतात, दुरुस्तीची वेळ मात्र त्यानंतर अनेक वर्षे येत राहते.

संगणक काय करतो?

आता क्रमांक हाताने कोणी देत नाही. आकृती संगणकावर काढायची आणि एक आज्ञा द्यायची, की सगळ्या भागांना नावे मिळतात. ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली कीकॅड ही विनामूल्य प्रणाली महाविद्यालयांना सहज वापरता येते. तिच्यात नावे देताना भागांचा क्रम आडव्या अंतराने लावायचा की उभ्या, हे विचारले जाते. पर्याय किरकोळ वाटतो. पण आपल्या बोर्डाचे आठ विभाग एकाखाली एक काढले असतील तर काय होते ते पाहा.

क्रम उभ्या अंतराने लावला आणि प्रत्येक विभाग एका ओळीत असला, तर आधी पहिल्या विभागातले तीन रेझिस्टर, मग दुसऱ्यातले तीन, असे क्रमांक जातात. आर-१३ हा पाचव्या विभागातला पहिला रेझिस्टर ठरतो. क्रम आडव्या अंतराने लावला तर आधी आठही विभागांतले डावीकडचे रेझिस्टर आर-१ ते आर-८ होतात, मग मधले आर-९ ते आर-१६. आता आर-१३ हा पाचव्या विभागातला मधला रेझिस्टर झाला. आकृतीतली एक रेघही हललेली नसताना नावाचा अर्थ बदलला.

याहून त्रासाची गोष्ट दुरुस्त आवृत्तीची. समजा, वीज आली आहे हे दाखवणारा एक दिवा नंतर सुचला आणि त्यासाठी आकृतीत सर्वांत वर दोन रेझिस्टर घातले. नावे नव्याने द्यायला सांगितले की ते आर-१ आणि आर-२ होतात आणि बाकी सगळे दोन घरे पुढे सरकतात. काल पाचव्या विभागात पहिला असलेला आर-१३ आज चौथ्या विभागातला दुसरा आहे. कारखान्यात नवा बोर्ड आणि जुनी आकृती एकत्र आली की कारागीर पाचव्या विभागाचा दोष शोधायला चौथा विभाग उकलून बसेल. चौथ्या विभागावर एखादा चालू पंप असेल तर तो विनाकारण बंद पडेल. यात कारागिराचा काही दोष नाही. त्याने नावावर विश्वास ठेवला, नावे त्याला न विचारता बदलली.

शंभराचे गट

यावर एक जुना आणि चांगला उपाय आहे. जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरांच्या अनेक दुरुस्ती-पुस्तिकांत डाव्या बाजूचे भाग १०१ पासून आणि उजव्या बाजूचे २०१ पासून सुरू होतात. डावीकडच्या आर-११७ चा जोडीदार उजवीकडे आर-२१७ असणार, हे पुस्तिका न उघडताही सांगता येते. एक बाजू वाजते आहे आणि दुसरी मुकी आहे, तर दोन्हीकडच्या जोडीदारांवरचे व्होल्टेज मोजत जायचे. जिथे फरक पडेल तिथे दोष. क्रमांकानेच तपासणीची रीत शिकवली.

आपल्या बोर्डावर हीच पद्धत लावली तर पाचव्या विभागाचे भाग आर-५०१, आर-५०२, आर-५०३, डी-५०१, डी-५०२, क्यू-५०१ असे होतील. शतकाचा आकडा विभाग सांगतो, उरलेले दोन आकडे त्या विभागातले काम सांगतात. वीजपुरवठ्यासारख्या सामाईक भागांसाठी ९०१ पासूनचा गट ठेवता येतो. सामाईक गटात दोन रेझिस्टर वाढले तरी पाचव्या विभागाला त्याचा धक्का लागत नाही.

नाशिककरांना ही कल्पना परकी वाटू नये. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटा सुट्या छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर अनेक नोटा, म्हणजे एकसारखे अनेक विभाग असतात. अशा छपाईची सर्वत्र चालणारी रीत अशी, की एका कागदावरच्या शेजारच्या नोटांना लागोपाठचे क्रमांक द्यायचे नाहीत. त्यांच्यात मोठे ठरावीक अंतर ठेवायचे आणि एकाच जागेवरच्या नोटांचे क्रमांक कागदामागून कागद एकेकाने वाढवायचे. कागदांची चळत कापली की प्रत्येक गठ्ठा आपोआप क्रमवार निघतो. क्रमांक कोणत्या दिशेने धावावा हे छापणाऱ्याच्या सोयीपेक्षा पुढे तो कोणाच्या कामी येणार यावरून ठरवले. बोर्डाच्या क्रमांकांबाबत मागणी एवढीच आहे.

कीकॅडमध्ये शंभराच्या गटांची सोय आहे. पानाचा क्रमांक गुणिले शंभर, किंवा भाग फार असतील तर गुणिले हजार, असे पर्याय तिथे दिसतात. पण या सोयीतही एक खोच आहे. आकृतीचे पहिले पान हे मुख्य पान असते आणि विभागांची पाने त्यानंतर येतात. त्यामुळे पहिला विभाग सामान्यतः दुसऱ्या पानावर पडतो आणि त्याचे भाग २०१ पासून सुरू होतात. जोडणीच्या पट्टीवर ‘१’ छापलेले आणि आतल्या रेझिस्टरवर आर-२०१. पाचव्या विभागाचा रेझिस्टर आर-६०१. सलग क्रमांकाने निदान कसला आव तरी आणला नव्हता. हा क्रमांक अर्थ सांगतो आहे असे वाटते आणि तो अर्थ एकाने चुकीचा असतो. पुढे कोणी मध्येच एक पान घातले तर गट आणखी सरकतात. म्हणून गटाचा आकडा पानावर अवलंबून ठेवू नये. बोर्डाच्या कडेला वापरणाऱ्याला जो आकडा दिसतो, त्यावरून तो ठरवावा आणि त्यासाठी थोडे काम हाताने करावे लागले तरी करावे.

मागे जोडलेले अक्षर

दुसरा उपाय प्रत्यय जोडण्याचा. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १९८५ मध्ये प्रोटेल या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे अल्टियम झालेल्या कंपनीच्या प्रणालीत एक विभाग एकदाच काढायचा आणि तो आठ वेळा वापरायला सांगायचे, अशी सोय आहे. मग नावे आर-१ए, आर-१बी, आर-१सी अशी पडतात. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही पद्धत फार आकर्षक आहे. एकदा काढा, आठदा वापरा. सारखेपणा चित्रातही राहतो आणि नावातही.

तरी तिच्यावर एक गंभीर आक्षेप आहे. नावामागच्या अक्षराला आधीच एक अर्थ देऊन झाला आहे. ७४०० या चिपमध्ये चार नँड द्वारे असतात आणि आकृतीत त्यांना यू-१ए, यू-१बी, यू-१सी, यू-१डी म्हणतात. तिथे अक्षर म्हणजे एकाच वस्तूचा एक भाग. आर-१ए म्हणजे मात्र स्वतंत्र वस्तू. म्हणजे आकृतीत एका ठिकाणी ‘ए’ आणि ‘बी’ एकाच कवचात आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी बोर्डाच्या दोन टोकांना. नवशिक्याने आर-१ए हा एखाद्या रेझिस्टर-संचाचा तुकडा समजला तर त्याला दोष कसा द्यायचा?

याच चिपमुळे आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती शंभराच्या गटांनाही सोडत नाही. एलएम-३२४ मध्ये चार अ‍ॅम्प्लिफायर एका कवचात असतात. चार विभागांना एकेक दिला, तर ती चिप कोणत्या विभागाची? यूएलएन-२८०३ या चिपमध्ये आठ ट्रान्झिस्टर-जोड्या असतात, ती तर आपल्या आठही विभागांची. विचाराच्या पातळीवर विभाग आठ आहेत, वस्तू एकच आहे. माझ्या मते अशी वस्तू सामाईक गटात घालावी, यू-९०१ म्हणावे, आणि तिच्यातल्या तुकड्यांना अक्षरे द्यावीत. ती जळली तर सर्वच विभागांवर परिणाम होईल ही खरी गोष्ट नावातूनच कळते. तिला यू-१०१ म्हणून पहिल्या विभागात बसवणे ही दिशाभूल होईल.

मानके काय म्हणतात?

ही सगळी चर्चा नवी नाही. अमेरिकेत १९७५ च्या आयईईई-२०० या मानकात आणि २००८ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या वाय-१४.४४ या मानकात नावाची साखळी सांगितली आहे. ‘१ए२आर४’ म्हणजे पहिल्या यंत्रातल्या दुसऱ्या जुळणीतला चौथा रेझिस्टर. बोर्डावर फक्त आर-४ छापायचे, आधीचा भाग बोर्ड कुठे बसवला यावरून जोडून घ्यायचा. आंतरराष्ट्रीय आयईसी-८१३४६ या मानकात काम, वस्तू आणि जागा या तीन बाजू वेगळ्या धरून त्यांना बरोबर, वजा आणि अधिक अशी तीन चिन्हे दिली आहेत.

या मानकांवरून मूळ प्रश्नाचे स्वरूप उलगडते. आपले आठ विभाग आठ सुट्या कार्डांवर असते, तर प्रत्येक कार्डावर आर-१, आर-२, आर-३ च छापले असते आणि कोणाची तक्रार नसती. ‘पाचव्या खाचेतल्या कार्डाचा आर-२’ म्हटले की पुरे. घोटाळा होतो तो आठ कार्डे एका बोर्डावर आणल्यावर. विचारात दोन मजले आहेत, विभाग आणि त्यातला भाग. बोर्डावर मात्र एकच मजला उरतो, कारण यादीत आणि यंत्रात एक नाव एकदाच येऊ शकते. शंभराचे गट ही त्या दोन मजल्यांना एका आकड्यात सामावून घेण्याची युक्ती आहे.

सातपूर आणि अंबड इथल्या औद्योगिक वसाहतींत विजेचे स्विचगिअर आणि नियंत्रण-पॅनेल यांचे काम बरेच चालते. या व्यवसायात कामाचे आकडे रूढ आहेत. ५२ म्हणजे सर्किट ब्रेकर, ५१ म्हणजे वेळ घेऊन काम करणारा अतिप्रवाह रिले. एका ओळीत दहा पॅनेल असली तरी ब्रेकरना १ ते १० असे सलग क्रमांक देऊन कोणी भागवत नाही. प्रत्येक पॅनेलमध्ये ब्रेकर ५२ च असतो, पॅनेलचे नाव तेवढे वेगळे. पॅनेल बांधणाऱ्याला जी शिस्त सहज वाटते, ती बोर्ड काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण शिकवत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

क्रमांकातल्या मोकळ्या जागा

सलग क्रमांकाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो. गटांमुळे मधे रिकाम्या जागा राहतात आणि यादी विस्कळीत दिसते. पण रिकामी जागा हा दोष नव्हे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले, त्यानंतर १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन. पुढे पहिले दोन संच कायमचे बंद झाले. तरी उरलेल्या तिघांना ३, ४ आणि ५ असेच म्हणत राहिले. त्यांना १, २, ३ म्हटले असते तर जुन्या नोंदवह्यांतला ‘संच ३’ आणि नव्यातला ‘संच ३’ वेगळे झाले असते. रिझर्व्ह बँकेनेही २००६ मध्ये हाच विचार केला. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी गठ्ठ्यात क्रमांकात तारा असलेली नोट घालायची पद्धत त्या वर्षी सुरू झाली. आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत ती आली. मोजणी शंभराचीच राहते आणि एक नोट बदलली आहे हे उघड दिसते. बोर्डाच्या मानकांतही काढून टाकलेल्या भागाचा क्रमांक पुन्हा वापरू नये आणि आकृतीच्या कोपऱ्यात ‘न वापरलेले क्रमांक’ अशी नोंद करावी, अशी रीत आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. दुरुस्ती करणाऱ्याला आधी भाग सापडायला हवा, अर्थ नंतर. शेकडो भागांच्या बोर्डावर क्रमांक जागेप्रमाणे डावीकडून उजवीकडे, वरून खाली असतील तर आर-१४३ चटकन सापडतो. कीकॅडमध्ये बोर्डावरच्या जागेनुसार पुन्हा क्रमांक देण्याची सोय २०२१ पासून आहे. जिथे एकच भलेमोठे, न आवर्तणारे मंडल आहे तिथे हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण आवर्ती विभाग असलेल्या बोर्डावर चांगला रचनाकार विभागही शेजारी-शेजारी आणि एकसारखे मांडतो. तिथे विभाग कळला की जागा कळतेच.

तिसरी अडचण जागेची. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद अशा रेझिस्टरशेजारी ‘आर-५०१’ सुद्धा नीट छापता येत नाही. अशा वेळी विभागाभोवती एक चौकट आखून तिच्यात मोठा ‘५’ छापावा. भागांची पूर्ण नावे आकृतीत राहू द्यावीत.

वर्गात काय करता येईल?

पांडवलेण्यांची सहल बहुतेक शाळा काढतात. तिथल्या चोवीस लेण्यांना अभ्यासकांनी ओळीने क्रमांक दिले आहेत. दहाव्या लेण्यात, म्हणजे नहपानाच्या विहारात, सोळा एकसारख्या खोल्या आहेत. तिथल्या खोल्यांच्या दारांवर, ही खोली उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिचे दान आहे, असे कोरलेले लेख आढळतात. खोलीसाठी त्यात वापरलेला शब्द आपल्या ‘ओवरी’शी नाते सांगणारा आहे. मुलांना विचारावे : या सोळा खोल्यांना नावे द्या, पण अशी, की नाव ऐकून लेणे, बाजू आणि बाजूवरचे स्थान तिन्ही कळले पाहिजे. आणि उद्या अभ्यासकांना आणखी एक लेणे मोजावेसे वाटले तरी तुमची नावे बदलता कामा नयेत. कोणी १००१ पासून सुरुवात करील, कोणी डावीकडच्यांना एक अक्षर देईल. मग एकमेकांच्या पद्धतीत खोट काढायला सांगावे.

नंतर आठ रिलेंची आकृती दोन प्रकारच्या नावांनी फळ्यावर काढावी, एक सलग आणि एक गटांची. ‘सातवा रिले चालत नाही, कोणते रेझिस्टर तपासाल?’ हा प्रश्न दोन तुकड्यांना द्यावा आणि घड्याळ लावावे. नंतर आकृतीत सर्वांत वर दोन रेझिस्टर वाढवून दोघांना पुन्हा नावे द्यायला लावावीत आणि किती नावे खोडावी लागली ते मोजावे. सलग पद्धतीत चोवीसच्या चोवीस रेझिस्टरांची नावे खोडावी लागतील, गटांच्या पद्धतीत एकही नाही.

प्रकल्पांना गुण देणाऱ्या परीक्षकांनाही एक विनंती आहे. बोर्ड चालतो की नाही हे आपण पाहतोच. त्याबरोबर विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारावा, की या भागाला हे नाव का दिले? ‘संगणकाने दिले’ हे उत्तर आपण आजवर पुरेसे मानत आलो. ते मानणे थांबवले, तर पुढच्या वर्षीचे विद्यार्थी नावे देण्याआधी आपल्या आकृतीत काय पुन्हा पुन्हा येते आहे, एवढे तरी शोधू लागतील.